लस गावापर्यंत आणि गाव लसीपर्यंत

आंबेगाव तालुक्याचे भौगोलिक स्वरूप दोन टोकांचे आहे. पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगररांगांतील विखुरलेल्या आदिवासी वाड्या, तर पूर्वेस घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याने बागायती झालेला ऊस व भाजीपाल्याचा पट्टा. निरगुडसर हे या पूर्व भागातील गाव. मंचरची मोठी बाजारपेठ आणि तेथील उपजिल्हा रुग्णालय याच तालुक्यात आहे. पारगावच्या दत्तात्रयनगर येथील भीमाशंकर सहकारी साखर कारखानाही याच परिसरातला. रस्ते, वीज, दूरध्वनी यांची सोय असलेल्या अशा गावात लस पोहोचविणे डोंगरी भागाच्या मानाने सोपे असावे, असे कोणासही वाटेल. परंतु कोविड लसीकरणाच्या काळात जो अनुभव राज्यभर आला, तो असा की रस्त्याच्या शेवटी गाव लागते आणि गावाच्या शेवटी वस्ती. लशीची गाडी गावापर्यंत येते. तेथून पुढे वस्तीवरच्या वृद्धाच्या दंडापर्यंतचे अंतर गावालाच कापावे लागते.

हे अंतर कसे कापले गेले, कोठे राहून गेले आणि आता कोविडची सर्वसाधारण मोहीम संपल्यावर हंगामी आजारांच्या लसीकरणासाठी त्यातून काय घ्यावयाचे, याचा विचार पंचायत सदस्य, शिक्षक व गावपातळीवरील कर्मचारी यांनी करणे अगत्याचे आहे.

मोहिमेचे टप्पे

महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. त्यानंतर अवघ्या दहा महिन्यांत, १६ जानेवारी २०२१ रोजी, देशात लसीकरणास प्रारंभ झाला. प्रथम आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीत पोलीस, महसूल व स्वच्छता कर्मचारी यांसारखे आघाडीवरील सेवक, १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक व पंचेचाळीस वर्षांवरील व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व असा क्रम ठरविण्यात आला. ज्यांना आजाराचा धोका अधिक त्यांना लस आधी, हे या क्रमामागील तत्त्व होते.

प्रत्यक्षात पुरवठा व मागणी यांचा मेळ काही महिने बसला नाही. मे २०२१ मध्ये साठा अपुरा पडल्याने राज्य शासनास अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण थांबवून उपलब्ध मात्रा पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्तींच्या दुसऱ्या मात्रेसाठी वळवाव्या लागल्या. याच काळात संगणकीय नोंदणीमुळे एक वेगळीच अडचण उभी राहिली. कोविन प्रणालीवर ज्याचे बोट चपळ त्याला वेळ मिळे. शहरातील तरुण ग्रामीण केंद्रावर वेळ आरक्षित करून मोटारीने येत आणि त्या गावातील शेतकरी मात्र रांगेत उभा राहून परत जाई. २४ मे २०२१ पासून शासकीय केंद्रांवर तरुण वयोगटासाठीही जागेवर नोंदणीची मुभा मिळाली, तर २१ जूनपासून अठरा वर्षांवरील सर्वांना केंद्र शासनाच्या खर्चाने लस देण्याचे नवे धोरण अमलात आले. त्यानंतर परिस्थिती पालटली.

पुढे ८ ते १४ ऑक्टोबर २०२१ या आठवड्यात राज्यात ‘मिशन कवच कुंडल’ ही विशेष मोहीम झाली व नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ या नावाने देशभर घरोघरी जाऊन राहिलेल्यांचा शोध घेण्यात आला. ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वर्षे वयोगट, १६ मार्चपासून बारा ते चौदा वर्षांची मुले यांचा समावेश झाला. शाळा हेच केंद्र झाल्यामुळे मुलांच्या लसीकरणात शिक्षकांचा वाटा मोठा राहिला. १७ जुलै २०२२ रोजी देशाने दोनशे कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला.

पुणे जिल्हा आणि लस

या लशींशी पुणे जिल्ह्याचे नाते केवळ लस घेणाऱ्याचे नाही. राज्यात सर्वाधिक वापरली गेलेली कोविशील्ड ही लस पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. हैदराबादच्या भारत बायोटेकने बनविलेल्या कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केला होता. सन १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था अनेक साथींच्या काळात देशाच्या उपयोगी पडली आहे. जून २०२३ मध्ये मान्यता मिळालेली, ओमायक्रॉन या प्रकारासाठी बनविलेली वर्धक लसही पुण्याच्याच जिनोव्हा या कंपनीची.

याहूनही लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे कोविशील्डच्या भारतातील चाचण्यांमध्ये मोठ्या शहरांतील रुग्णालयांबरोबर शिरूर तालुक्यातील वढू येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचाही सहभाग होता. शिरूर हा आंबेगावचा शेजारचा तालुका. तेव्हा ‘ही लस शहरी माणसावर तपासली, आम्हां खेड्यातल्यांना ती मानवेल काय?’ या शंकेचे उत्तर घराजवळच मिळण्यासारखे आहे.

दहा मात्रांची बाटली

लस ही नाशवंत वस्तू आहे. कोविशील्ड व कोव्हॅक्सिन या दोन्ही लशी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागत. कारखान्यातून निघालेली लस राज्याच्या भांडारात, तेथून जिल्हा परिषदेच्या भांडारात, पुढे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत आणि शेवटी बर्फाच्या पिशव्या घातलेल्या हातपेटीतून सत्राच्या जागी येई. या संपूर्ण प्रवासास शीतसाखळी म्हणतात. साखळीची एक कडी तुटली, तर लशीची बाटली दिसावयास तशीच राहते. तिचा गुण मात्र नाहीसा होऊ शकतो. म्हणूनच दिवसातून दोनदा तापमानाची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम किरकोळ समजू नये.

कोविशील्डच्या एका बाटलीत अर्धा मिलिलिटरच्या दहा मात्रा असत आणि बाटली एकदा उघडली की ती चार तासांत संपवावी लागे. वरकरणी ही तांत्रिक बाब दिसते. परंतु गावातील सत्राचे सारे गणित तिच्याभोवती फिरे. दुपारी चार वाजता केंद्रावर तीन वृद्ध बसलेले आहेत आणि हातातली बाटली संपली आहे, असा प्रसंग घेऊ. नवी बाटली उघडावी तर सात मात्रा वाया जाण्याची भीती. न उघडावी तर वस्तीवरून चालत आलेली तीन माणसे लसीविना परतणार आणि त्यांतील एखादे पुन्हा येणारच नाही. अशा वेळी परिचारिकेजवळ जवळपासच्या राहिलेल्या लोकांची यादी असेल आणि आशा कार्यकर्ती किंवा पंचायत सदस्य अर्ध्या तासात सात जणांना बोलावून आणू शकत असेल, तर दोन्ही अडचणी सुटतात. ज्या गावांत अशी यादी होती, तेथे लस वाया गेली नाही आणि माणूसही परत गेला नाही. लसीकरणाचे यश शीतपेटीइतकेच त्या यादीवर अवलंबून होते.

मागे कोण राहिले?

पहिली मात्रा देणे हे काम तुलनेने सोपे ठरले. देशातील एकूण आकडे बोलके आहेत. पहिली मात्रा सुमारे १०२ कोटी लोकांनी घेतली, दुसरी सुमारे ९५ कोटींनी आणि खबरदारीची म्हणून दिलेली तिसरी, म्हणजे वर्धक मात्रा, जेमतेम २३ कोटींच्या आसपास लोकांनी. रोगाची भीती ओसरत गेली तसतशी लशीची मागणीही ओसरली, हे त्याचे मुख्य कारण. पण केवळ उदासीनतेवर बोट ठेवल्याने चित्र पूर्ण होत नाही. मागे राहिलेल्यांमध्ये असे अनेक लोक होते, की ज्यांच्या जगण्याचा क्रम आणि लशीचे वेळापत्रक जुळत नव्हते.

ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण पाहावे. बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर प्रारंभी चार ते सहा आठवडे होते. ते मार्च २०२१ मध्ये वाढविण्यात आले आणि १३ मे २०२१ रोजी बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. शास्त्रीयदृष्ट्या हा निर्णय योग्य होता. परंतु ऑगस्टमध्ये आपल्या गावी पहिली मात्रा घेतलेल्या मजुराची दुसरी मात्रा येई तेव्हा तो दीडदोनशे किलोमीटर दूर उसाच्या फडात असे. नियमाप्रमाणे त्याला देशातील कोणत्याही केंद्रावर दुसरी मात्रा घेता येत होती. पण पहिल्या वेळी दिलेला दूरध्वनी क्रमांक मुकादमाचा किंवा नातलगाचा असेल, ओळखपत्र गावी पेटीत राहिले असेल आणि फडावरून केंद्रावर जाण्यात दिवसाची मजुरी बुडत असेल, तर नियमातील सवलत कागदावरच राहते. मेंढ्यांचे कळप घेऊन हंगामाप्रमाणे फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचीही अडचण याच स्वरूपाची.

दुसरा गट अंथरुणास खिळलेल्यांचा. ज्यांना रोगाचा धोका सर्वांत अधिक, तेच केंद्रापर्यंत येऊ शकत नव्हते. मे २०२१ मध्ये वृद्ध व अपंगांसाठी घराजवळ केंद्रे उघडण्याच्या सूचना निघाल्या आणि सप्टेंबरमध्ये घरी जाऊन लस देण्यास केंद्र शासनाने संमती दिली. तोपर्यंत दुसरी लाट येऊन गेली होती.

तिसरा गट गरोदर स्त्रियांचा. त्यांना लस देण्यास २ जुलै २०२१ रोजी मान्यता मिळाली. आधीचे सहा महिने ‘गरोदरपणात लस नको’ असेच ऐकलेले असल्यामुळे मान्यतेनंतरही घरातील वडीलधाऱ्यांचे मन वळविण्यास वेळ लागला.

चौथा अडथळा वेळेचा. बागायती पट्ट्यात मजुरांचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो. सत्र दहा ते पाच या वेळेत असेल तर मजुरीवरील स्त्रीला ते गाठता येत नाही. सायंकाळी उशिरा सत्र ठेवावे, तर जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या वावरामुळे अंधार पडल्यावर वस्तीवरच्या लोकांनी पायी ये-जा करणे धोक्याचे. अशा ठिकाणी सत्रच वस्तीवर, सकाळी कामावर निघण्यापूर्वी घेणे हाच उपाय राहतो. तो कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला सापडणार नाही. तो गावच्या माणसालाच सुचतो.

शंकांचे निराकरण

लशीविषयीची भीती ही आजची नाही. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. सन १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या काळीही लोक टोचणीला भीत होते. गावोगाव फिरणारा ‘देवी डॉक्टर’ दिसताच मुलांना लपविण्याचा प्रकार जुन्या पिढीतील अनेकांनी ऐकलेला आहे. तरीही मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० मध्ये जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीचा. शंका बाळगणाऱ्याला हसून वा दटावून हे घडले नाही. त्याच्या दारात पुन्हा पुन्हा जाऊन, त्याचे ऐकून घेऊन ते घडले.

कोविड लशीसंबंधी आज विचारल्या जाणाऱ्या शंकांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. लशीमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात काय, ही पहिली. कोविशील्डच्या प्रकारातील लशीनंतर गुठळ्या होऊन बिंबाणूंची संख्या घटण्याचा एक विकार आढळला आहे, ही गोष्ट खरी असून ती लपविण्याचे कारण नाही. तो अत्यंत विरळ आहे. लाखो लोकांमागे काही थोड्या व्यक्तींतच तो दिसला आणि तोही बहुधा पहिल्या मात्रेनंतरच्या काही आठवड्यांत. काही वर्षांपूर्वी लस घेतलेल्याने आज त्याची धास्ती बाळगण्याचे प्रयोजन नाही.

दुसरी शंका तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ४७ रुग्णालयांत अठरा ते पंचेचाळीस वयोगटातील अशा मृत्यूंचा अभ्यास केला. लशीमुळे आकस्मिक मृत्यूचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कुटुंबातील अशा मृत्यूंचा पूर्वेतिहास, कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागणे, अतिरिक्त मद्यपान, अतिश्रमाचा व्यायाम यांसारख्या गोष्टींशी मात्र संबंध दिसून आला. २ जुलै २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या निष्कर्षांचा पुनरुच्चार केला.

लस घेतल्यावर एकदोन दिवस अंग दुखणे, ताप येणे, दंड सुजणे हे सर्वसाधारण आहे व त्याची कल्पना आधीच द्यावी. ज्याला आधी सांगितले जाते, तो ताप आला म्हणून घाबरत नाही. ज्याला सांगितले जात नाही, त्याचा एक दिवसाचा ताप वस्तीतील वीस जणांस केंद्रापासून दूर ठेवतो.

वर्धक मात्रा कशासाठी?

‘दोन वेळा टोचून घेतले, तिसऱ्यांदाही घेतले, आता पुन्हा कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. देवीची किंवा गोवराची लस दीर्घकाळ संरक्षण देते, मग याच लशीला वारंवार उजाळा का द्यावा लागतो, हे समजावून सांगितले पाहिजे.

त्याची कारणे दोन. लशीमुळे शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये काही महिन्यांत कमी होत जातात. शरीराची ‘स्मरणशक्ती’ टिकून राहते आणि तीव्र आजारापासून ती बऱ्याच अंशी वाचविते. परंतु संसर्ग दारातच अडविण्याची शक्ती क्षीण होते. वृद्धांमध्ये व दीर्घ व्याधी असणाऱ्यांमध्ये ही झीज अधिक महत्त्वाची ठरते. दुसरे कारण विषाणूचे स्वतःचे रूप पालटण्याचे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत डेल्टा हा प्रकार प्रबळ होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ओमायक्रॉन आढळला आणि त्यानंतर त्याच्याच शाखा-उपशाखा येत राहिल्या. २०२५ च्या मे-जून महिन्यांत देशात रुग्ण वाढले, तेही याच कुळातील विषाणूंमुळे.

भारतात १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील सेवक व साठ वर्षांवरील व्याधिग्रस्त यांना वर्धक मात्रा देण्यात येऊ लागली. १५ जुलै २०२२ पासून पंचाहत्तर दिवस ती अठरा वर्षांवरील सर्वांना शासकीय केंद्रांवर मोफत होती. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता कोविडची लस आपल्या नियमित लसीकरणाच्या वेळापत्रकात नाही आणि सर्वांसाठी दरवर्षी वर्धक मात्रा द्यावी, असे धोरणही नाही. इतर देशांतही रोख बदलला आहे. ब्रिटनमध्ये २०२५ च्या शरद ऋतूपासून ही लस मुख्यत्वे पंचाहत्तर वर्षांवरील नागरिक, वृद्धाश्रमांतील रहिवासी व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनाच देण्यात येते. निरोगी तरुणाने चिंता करावी असे आज काही नाही. ज्यांचा धोका अधिक आहे, अशा व्यक्तींनी मात्र आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हाच आजचा व्यवहार्य मार्ग होय.

पावसाळ्यापूर्वीची टोचणी

हंगामी लस म्हणून गावाने आज ज्या लशीचा गांभीर्याने विचार करावा, ती इन्फ्ल्यूएंझाची. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा देशातील पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. तो विषाणू नाहीसा झालेला नाही. हंगामी फ्लूचा एक प्रकार म्हणून तो आपल्यात वावरत आहे. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वढू परिसरात केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले, की आपल्या ग्रामीण भागात फ्लूने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण पावसाळ्यात वाढते. थंड देशांत तो हिवाळ्याचा रोग. आपल्याकडे मात्र लावणी-खुरपणीच्या दिवसांतील.

हा विषाणू सतत बदलत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व सप्टेंबर महिन्यांत, लशीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते. म्हणून गेल्या वर्षीची टोचणी या वर्षी पुरत नाही. लस घेतल्यापासून संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच ती घेतलेली बरी. गरोदर माता, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस ऐच्छिक व मोफत देण्याचे धोरण राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ठेवलेले आहे. लाभ घेऊ इच्छिणाऱ्यांची संख्या गावाने आधी कळविली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रास साठ्याची मागणी वेळेवर नोंदविता येते.

गावाची यादी

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. आशा कार्यकर्ती, आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ही सर्व व्यवस्था गावात आहे. कोविडच्या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या सर्वेक्षणासाठी सप्टेंबर २०२० पासून घर न् घर फिरून व्याधिग्रस्तांची माहिती घेण्यात आली होती. तो अनुभव कपाटात न ठेवता दरवर्षी कामी आणावा.

निरगुडसरसारख्या गावास पुढील क्रम अनुसरता येईल. मार्च महिन्यात आशा कार्यकर्तीने साठ वर्षांवरील व्यक्ती, मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयरोग वा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण, गरोदर माता आणि अंथरुणास खिळलेले लोक यांची वस्तीवार यादी तयार करावी. हंगामी मजूर व फिरस्ती कुटुंबे यांची नोंद वेगळ्या पानावर घ्यावी आणि त्यात ते कोठून आले, केव्हा परतणार व संपर्काचा खरा क्रमांक कोणाचा, हे लिहावे. एप्रिलमध्ये ही संख्या आरोग्य केंद्रास कळवावी. १ मेच्या ग्रामसभेत सत्राच्या तारखा व जागा जाहीर कराव्यात. वस्तीवरच्या सत्रासाठी वाहनाची, सावलीची व लस घेतल्यावर अर्धा तास बसण्याची सोय पंचायतीने करावी. सत्र संपल्यावर राहिलेल्यांची नावे त्याच दिवशी निश्चित करून आठवड्याभरात त्यांच्या घरी जावे.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. यादीतील आजारांची माहिती आरोग्य कर्मचाऱ्यांजवळच राहावी. ग्रामसभेत केवळ संख्या सांगावी, नावे व व्याधी वाचून दाखवू नयेत. आपला आजार चावडीवर जाहीर होईल अशी भीती वाटल्यास लोक पुढच्या वर्षी माहितीच देणार नाहीत आणि यादी निरुपयोगी होईल.

शिक्षकांचे साहाय्यही मोलाचे ठरेल. आजी-आजोबांना केंद्रावर कधी न्यावयाचे, हे अनेक घरांत शाळेत जाणारे मूलच लक्षात ठेवते. विद्यार्थ्यांना लशीचे कार्य, शीतसाखळी आणि विषाणूचे बदलते रूप यांविषयी एका तासिकेत दिलेली माहिती त्या सायंकाळी घरोघरी पोहोचते.

महामारी आली तेव्हा लस, सुया, शीतपेट्या यांची तरतूद शासनाने केली आणि संशोधनाची बाजू पुण्यासारख्या शहरांतील संस्थांनी सांभाळली. वस्तीवर कोण राहिले आहे, याची माहिती मात्र गावाखेरीज कोणाजवळ नव्हती आणि पुढेही असणार नाही. ही माहिती संकटाच्या दिवशी गोळा करू म्हटले, तर ती अपुरी पडते व त्याची किंमत सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती अद्ययावत करण्याची सवय गावाने लावून घेतली, तर हंगामी आजारांपासून वृद्धांचे रक्षण होईल आणि पुढे कोणतीही नवी लस येवो, पहिल्या दिवशी कोणाच्या दारी जावयाचे हे गावास ठाऊक असेल.